रॉबेसन काउंटीत कोण कोण राहतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्थ कॅरोलिनातल्या राली-कॅरीकडून गाडीने फ्लोरिडाला निघालेली मराठी कुटुंबं रॉबेसन काउंटीतल्या लंबरटनला गॅस भरायला, कॉफी प्यायला थांबतात. दुकानात गल्ल्यावरच्या बाईच्या छातीवर 'लॉकलिअर' अशी पाटी असते. पलीकडच्या पोराच्या पाटीवरही लॉकलिअर, आणि बाहेर उभ्या पोलिसाच्या शर्टावरही लॉकलिअरच. चेहऱ्यावरून हे लोक गोरे की काळे, मेक्सिकन की आपल्यातले, काहीच उलगडत नाही. मग गाडीत चर्चा सुरू होते, आणि ती पुढे कुणा ना कुणामार्फत माझ्यापर्यंत येते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो.

ही काउंटी आहे कुठे? आणि काउंटी म्हणजे आपला जिल्हा की तालुका?

नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या दक्षिण टोकाला, साउथ कॅरोलिनाच्या सीमेला लागून. राज्यात अशा १०० काउंट्या आहेत. कारभाराच्या दृष्टीने काउंटी म्हणजे जिल्हाच समजा (शेरीफ, कोर्ट, शाळा, जमिनीच्या नोंदी सगळं तिथे), पण माणसं मोजायला गेलात तर तालुकाही भरत नाही. रॉबेसनचं क्षेत्रफळ सुमारे २,४६० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून होतं त्याच्या चौपट. २०२० च्या जनगणनेत तिथे माणसं निघाली १,१६,५३०. मुख्य ठिकाण लंबरटन. बाकी पेम्ब्रोक, मॅक्स्टन, रेड स्प्रिंग्ज, सेंट पॉल्स, फेअरमाँट ही लहान गावं आणि त्यांच्यामध्ये तंबाखू, सोयाबीन, मका, पाइनची झाडं आणि दलदल. काउंटी १७८७ साली ब्लेडन काउंटीतून वेगळी काढली. लिहिताना रॉबेसन लिहितात, तिथले लोक 'रॉबिसन' म्हणतात.

आकडे सांगा आधी. कोण किती?

२०२० च्या मोजणीत ढोबळ चित्र असं: अमेरिकेतले मूळ रहिवासी, ज्यांना तिथे सरळ 'इंडियन' म्हणतात, ते ३८ टक्क्यांच्या आसपास. गोरे साधारण २५ टक्के. काळे २२ ते २३ टक्के. स्पॅनिशभाषक मुळाचे सुमारे १० टक्के. उरलेल्यांत एकाहून जास्त वंश सांगणारे आणि अगदी थोडे आशियाई.

म्हणजे कुणाचंच बहुमत नाही. त्या काउंटीतली कोणतीही दोन माणसं डोळे मिटून निवडली तर ती वेगवेगळ्या गटांतली निघण्याची शक्यता, वरच्या आकड्यांवरून मी मांडलेल्या हिशेबाने, शंभरात सत्तरच्या वर जाते. साऱ्या अमेरिकेसाठी जनगणना खात्याने काढलेला हाच आकडा २०२० मध्ये ६१ होता. अमेरिकेतलं खेडं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोरा शेतकरी आणि त्याचा ट्रॅक्टर येतो. रॉबेसन खेडंच आहे, आणि वैविध्यात कित्येक शहरांच्या पुढे आहे.

वीस वर्षांत हे प्रमाण कसं सरकलं तेही पाहा. २००० साली गोरे ३२.८ टक्के होते, २०१० मध्ये २९. काळे २५.१ वरून २४.३ वर आले. स्पॅनिशभाषक मुळाचे ४.९ वरून ८.१ वर गेले. इंडियन मात्र ३८ च्या आगेमागेच राहिले.

कुठे कुठे टक्क्यांची बेरीज शंभरच्या वर जाते. हे कसं?

कारण 'हिस्पॅनिक' हा जनगणनेच्या लेखी वंश नाही, तो वेगळा प्रश्न आहे. माणूस आधी हिस्पॅनिक आहे की नाही ते सांगतो आणि मग वंशाच्या चौकोनात खूण करतो. एकच माणूस हिस्पॅनिकही असतो आणि गोराही, किंवा हिस्पॅनिकही आणि इंडियनही. काही तक्ते त्याला दोन्हीकडे दाखवतात, काही हिस्पॅनिक वगळून उरलेल्यांचे वंश देतात. तक्त्याखालची बारीक टीप वाचल्याशिवाय दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशेजारी ठेवू नका. मार्च २०२४ मध्ये नियम बदलले आहेत, पुढे या दोन प्रश्नांचा एकच प्रश्न होणार आहे. तेव्हा जुन्या-नव्याची तुलना आणखी अवघड होईल.

तिथले 'इंडियन' म्हणजे आपण का? फॉर्मवर खूण कुठे करायची?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, नव्याने आलेली शिकलीसवरलेली माणसंही गडबडतात. 'अमेरिकन इंडियन' हा चौकोन कोलंबसाच्या चुकीतून नाव मिळालेल्या लोकांचा. आपला चौकोन 'एशियन इंडियन'. मूल इथे जन्मलं म्हणून ते अमेरिकन इंडियन होत नाही. शाळेच्या फॉर्मवर ही चूक झाली तर ऑफिसातून जमातीची कागदपत्रं मागणारा फोन येतो आणि सगळेच ओशाळतात.

आपल्या चौकोनाचाही इतिहास मजेदार आहे. १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेत 'हिंदू' हा वंश होता. कॅलिफोर्नियात शेती करणारे पंजाबी शीख आणि मुसलमानसुद्धा त्या खात्यात हिंदू! १९७० मध्ये भारतीयांना गोऱ्यांत मोजलं, १९८० पासून एशियन इंडियन हा वेगळा चौकोन आला. साठ वर्षांत आपण हिंदू, गोरे आणि आशियाई असे तिन्ही होऊन आलो. रॉबेसनच्या इंडियनांचं काय झालं हे समजून घ्यायला एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

बरं, मग हे ३८ टक्के कोण?

बहुतेक सगळे लंबी. नाव हिंदीतल्या 'लंबी'सारखं दिसतं, पण उच्चार 'लम्-बी' असा, आणि ते आलं काउंटीतून वाहणाऱ्या लंबर नदीवरून. जमातीच्या नोंदीत पन्नास हजारांहून जास्त माणसं आहेत. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला एवढी मोठी दुसरी जमात नाही. रॉबेसनखेरीज होक, कंबरलंड आणि स्कॉटलंड या शेजारच्या काउंट्यांतही त्यांची वस्ती आहे. काही कुटुंबं मात्र स्वतःला लंबी म्हणवून घेत नाहीत, आम्ही टस्करोरा जमातीचे असं सांगतात.

यांच्यासाठी राखीव प्रदेश असा कधी नव्हता. सिनेमात दिसतात तसे पिसांचे मुकुट, तंबू, घोडे इथे शोधू नका. जुनी भाषा गेली, इंग्रजी आणि बॅप्टिस्ट-मेथडिस्ट चर्च हेच त्यांचं झालं. पण त्या इंग्रजीची धाटणी वेगळी आहे आणि भाषाशास्त्रज्ञांनी तिचा रीतसर अभ्यास केला आहे. कॉफीला म्हातारी माणसं 'एलिक' म्हणतात, गलोलीला 'जुव्हेंबर'. 'आय हॅव बीन'च्या जागी 'आयॅम बीन' ऐकू येतं. खाण्यात मक्याच्या पिठाच्या दोन तळलेल्या भाकऱ्यांमध्ये कोलार्डची शिजवलेली भाजी आणि डुकराच्या चरबीची तळलेली पट्टी. भाकरी आणि पालेभाजी म्हटल्यावर आपल्या माणसाला ते परकं वाटत नाही, चरबीचं तेवढं आपापलं बघा.

ते मुळात आले कुठून?

साधं उत्तर: रोगराई आणि लढायांत मोडलेल्या अनेक छोट्या जमातींचे उरलेले लोक अठराव्या शतकात या दलदलीत एकत्र आले. इथे गोऱ्या जमीनदारांची नजर पोचत नव्हती. त्यांत काही गोरी आणि काही स्वतंत्र काळी माणसं मिसळली. बहुतेक अभ्यासक थोड्याफार फरकाने हेच सांगतात.

गोष्टीचं उत्तर जास्त प्रसिद्ध आहे. १५८७ साली रोआनोक बेटावर वसलेली इंग्रजांची वसाहत नाहीशी झाली आणि मागे लाकडावर कोरलेला 'क्रोटोअन' हा शब्द तेवढा सापडला. १८८० च्या दशकात हॅमिल्टन मॅकमिलन या स्थानिक आमदाराने मांडलं की ती हरवलेली माणसं क्रोटोअन इंडियनांत मिसळली आणि रॉबेसनचे लोक त्यांचेच वंशज. पुरावा म्हणून आडनावं आणि जुनाट इंग्रजी शब्द दाखवले. अभ्यासकांनी हे फारसं मानलेलं नाही. पण त्या गोष्टीने एक काम केलं. १८८५ मध्ये राज्याने या लोकांना 'क्रोटोअन इंडियन' म्हणून मान्यता दिली आणि त्यांच्या वेगळ्या शाळांची सोय केली. तोवर कागदोपत्री ते 'स्वतंत्र रंगीत माणसं' होते. १८३५ च्या राज्यघटना दुरुस्तीने अशा लोकांचा मताचा हक्क काढून घेतला होता, तो यादवी युद्धानंतरच परत मिळाला.

नाव इतक्या वेळा का बदललं?

१८८५ मध्ये क्रोटोअन. गोऱ्यांनी त्याचं 'क्रो' करून शिवीसारखं वापरायला सुरुवात केली, कारण दक्षिणेत 'जिम क्रो' म्हणजे काळ्यांना वेगळं ठेवणारे कायदे. म्हणून १९११ मध्ये 'रॉबेसन काउंटीचे इंडियन'. १९१३ मध्ये 'रॉबेसन काउंटीचे चेरोकी', आणि याला डोंगरातल्या खऱ्या चेरोकी जमातीचा विरोध. १९५३ मध्ये लोकांनी स्वतः मतदान करून घेतलेलं 'लंबी' हे नाव राज्याने मान्य केलं. १९५६ मध्ये वॉशिंग्टननेही कायदा केला, पण तो असा: तुम्ही इंडियन आहात हे आम्हाला मान्य, मात्र इंडियनांना मिळणाऱ्या कुठल्याही सेवा तुम्हाला मिळणार नाहीत. दाखला दिला आणि त्यावरच शिक्का मारला की सवलतीसाठी ग्राह्य नाही.

एखादा माणूस लंबी आहे हे ठरवतं कोण?

जनगणनेत तो स्वतः. आधी असं नव्हतं. गणक दारात यायचा, तोंडाकडे बघून वंश लिहायचा. १९६० आणि ७० च्या जनगणनांपासून लोक स्वतः सांगू लागले, आणि २००० पासून एकाहून जास्त चौकोनांत खूण करता येते. त्यामुळे जुन्या काळातल्या आकड्यांतली वाढ-घट नेहमी जन्म-मृत्यूंमुळेच झाली असं समजायचं कारण नाही. कधी चौकोन बदलले, कधी लिहिणारा.

जमातीचं सभासदत्व वेगळी गोष्ट. तिथे १९०० आणि १९१० च्या जनगणनेतल्या इंडियन नोंदींसारख्या ठरलेल्या जुन्या कागदांत पूर्वज दाखवावा लागतो, आणि समाजाशी संबंध टिकून असावा लागतो. जात पडताळणीसाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत तहसील आणि शाळा पालथी घातलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण १९३६ साली झालं ते या सगळ्यावर कडी होतं. अर्ध्याहून जास्त 'इंडियन रक्त' कुणात आहे हे ठरवायला सरकारने कार्ल सेल्टझर नावाचा मानवशास्त्रज्ञ पाठवला. त्याने २०९ माणसांची डोकी, नाकं, केस, कातडीचा रंग तपासला आणि त्यांतली २२ माणसं पास केली. सख्ख्या भावंडांतला एक इंडियन ठरला आणि दुसरा नाही, असेही प्रकार झाले. एकाच आईच्या पोटी जन्मलेल्यांत रक्ताचं प्रमाण वेगळं निघतं, तर मोजपट्टीत खोट आहे हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही.

तीन-तीन शाळा होत्या म्हणतात, खरं का?

खरं. बाकीच्या दक्षिणेत गोरे आणि काळे अशी विभागणी होती, रॉबेसनमध्ये ती तिहेरी होती. गोऱ्यांची शाळा, काळ्यांची शाळा, इंडियनांची शाळा. पाण्याचे नळ तीन, संडास तीन, थिएटरात बसायच्या जागा तीन. आजही कुठल्या गावात कोण जास्त याचा नकाशा काढलात तर त्याच्या खाली जुन्या शाळांचा नकाशा दिसतो. पेम्ब्रोक आणि प्रॉस्पेक्टच्या बाजूला इंडियन, गावांच्या मध्यभागी गोरे आणि काळे.

यातून निघालेली एक गोष्ट मात्र टिकली. १८८७ मध्ये इंडियन शिक्षक तयार करायला राज्याने ५०० डॉलर मंजूर केले. ते फक्त पगारासाठी, इमारत लोकांनी स्वतः उभी केली. त्या शाळेचं आज पेम्ब्रोकचं विद्यापीठ झालं आहे, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या व्यवस्थेतलं. पिढ्यान् पिढ्या लंबी शिक्षक, वकील, डॉक्टर तिथून निघाले.

शाळांच्या भिंती गेल्यावरही एक पाचर राहिली होती. लंबरटनसारख्या गावांची शाळामंडळं वेगळी होती. गावातले मतदार आपलं मंडळ निवडायचेच, वर काउंटीचं मंडळ निवडायलाही मत द्यायचे. काउंटीच्या शाळांत मुलं बहुतेक इंडियन आणि काळी, मंडळ मात्र गोऱ्यांच्या हातात. हे 'दुहेरी मतदान' १९७५ मध्ये फेडरल कोर्टाने बंद केलं.

कू क्लक्स क्लॅनला (गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणाऱ्या संघटनेला) इथून पळवून लावलं, ती काय भानगड?

१८ जानेवारी १९५८, मॅक्स्टनजवळ हेज पाँड नावाचं तळं. जेम्स कोल नावाच्या क्लॅनच्या पुढाऱ्याने तिथे सभा लावली होती. त्याआधीच्या आठवड्यात दोन घरांसमोर क्रूस जाळून झाले होते, एक गोऱ्या माणसासोबत फिरणाऱ्या लंबी बाईच्या घरासमोर, दुसरा गोऱ्यांच्या वस्तीत राहायला गेलेल्या लंबी कुटुंबासमोर. सभेला क्लॅनची शंभराच्या आत माणसं आली, आणि त्यांच्याभोवती अंधारात काहीशे लंबी पुरुष बंदुका घेऊन उभे राहिले. सभेच्या जागी एकच दिवा लावलेला होता. तो फुटला, हवेत गोळ्या सुटल्या आणि सभा संपली. कुणी मेलं नाही. पुढारी बायकोला गाडीत सोडून दलदलीत पसार झाला. तिची गाडी खड्ड्यात रुतली, ती ढकलून बाहेर काढली लंबींनीच. क्लॅनचा झेंडा अंगाभोवती गुंडाळलेल्या दोघांचा फोटो 'लाइफ' मासिकात छापून आला आणि कोल दंगल भडकवल्याबद्दल तुरुंगात गेला.

यापेक्षा जुना नायक हेन्री बेरी लोरी. १८६५ मध्ये, यादवी युद्धाच्या शेवटी, होमगार्डने (गोऱ्यांच्या स्थानिक पहारेदलाने) त्याच्या वडलांना आणि भावाला गोळ्या घातल्या, त्यानंतर सात वर्षं तो दलदलीतून सरकारशी लढला. त्याच्या टोळीत इंडियन होते, काळे होते, एक गोराही होता. १८७२ मध्ये तो नाहीसा झाला. डोक्यावर हजारो डॉलरचं बक्षीस होतं, पण ते न्यायला कुणी आलं नाही.

गोरे आणि काळे यांचं काय? सगळं लंबींवरच चाललंय.

कबूल आहे, लंबींचा इतिहास कमी लोकांना ठाऊक म्हणून तिकडे कलतो. गोऱ्यांत मोठा भाग अठराव्या शतकात आलेल्या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांचा. मॅक्स्टन हे नावच 'मॅक'वाल्यांच्या गावावरून पडलं, इतकी मॅकनील, मॅकलीन, मॅकमिलन मंडळी होती. काळी कुटुंबं बहुतेक गुलामगिरीच्या काळापासूनची, कापसाच्या शेतांवर आणि पाइनच्या झाडांपासून डांबर-टर्पेंटाइन काढायच्या कामावर राबवलेल्यांचे वंशज. त्यांच्या नोंदी १८७० च्या आधी शोधायला गेलं की भिंत लागते, कारण गुलामांना जनगणनेत नावं नव्हती. मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि रंग तेवढा लिहिलेला असे.

स्पॅनिश बोलणारे कधी आले?

मुख्यतः १९९० नंतर. आधी तंबाखूच्या शेतावर, मग मांस कारखान्यांत. शेजारच्या ब्लेडन काउंटीत टार हील गावी १९९२ मध्ये डुकराच्या मांसाचा प्रचंड कारखाना सुरू झाला. रॉबेसनमधून लंबी, काळे आणि मेक्सिकन कामगार एकाच पाळीला तिथे जाऊ लागले. शाळांत पहिल्यांदा चौथा गट दिसला तो यांच्या मुलांचा.

आपले लोक आहेत का?

फार थोडे. महामार्गाजवळची काही मोटेलं गुजराती कुटुंबांची, हॉस्पिटलात डॉक्टर, विद्यापीठात प्राध्यापक. काउंटीत सगळे आशियाई मिळून एका टक्क्याच्या आसपास. मराठी मंडळाच्या गणपतीला जायचं तर त्यांना दीड तास गाडी हाकत रालीकडेच यावं लागतं.

दहा वर्षांत लोकसंख्या इतकी कशी घटली?

२०१० मध्ये १,३४,१६८ होती. २०२० मध्ये साडेसतरा हजारांनी कमी, म्हणजे १३ टक्के घट. कापड आणि बुटांचे कारखाने नव्वदच्या दशकापासून बंद पडत गेले. मग २०१६ च्या मॅथ्यू आणि २०१८ च्या फ्लोरेन्स वादळात लंबर नदीचं पाणी लंबरटनच्या त्याच वस्त्यांत दोनदा शिरलं. दुसऱ्यांदा घर गेल्यावर बरेच जण परतले नाहीत. त्यात २०२० ची मोजणी कोरोनात झाली. जनगणना खात्याच्या स्वतःच्या तपासणीत देशभर काळे आणि हिस्पॅनिक लोक कमी मोजले गेल्याचं निघालं आहे. तेव्हा वरचे आकडे वापरा, पण त्यांवर हात ठेवून शपथ घेऊ नका.

मतदानात हे लोक कुठल्या बाजूचे?

२००८ आणि २०१२ मध्ये काउंटी ओबामांकडे गेली, २०१६ पासून तिन्ही वेळा ट्रम्प यांच्याकडे. 'अल्पसंख्याक म्हणजे डेमोक्रॅट' असं गृहीत धरणाऱ्यांची इथे दांडी उडते. चर्च, बंदूक आणि बंद कारखाने या तिन्ही गोष्टी लंबी घरांत जवळच्या आहेत. शिवाय पूर्ण मान्यतेचं आश्वासन दोन्ही पक्ष देत होते.

मग ती मान्यता मिळाली का?

डिसेंबर २०२५ मध्ये, संरक्षण खर्चाच्या कायद्यात घातलेल्या कलमातून. १९५६ चा अर्धवट दाखला एकदाचा पूर्ण झाला. आता इंडियनांसाठीची आरोग्यसेवा, शिक्षणाचा पैसा आणि जमातीच्या नावे जमीन विश्वस्त म्हणून ठेवण्याची सोय यांचा मार्ग मोकळा झाला. डोंगरातल्या त्याच चेरोकींनी (त्यांना पूर्वेकडचे चेरोकी म्हणतात) शेवटपर्यंत विरोध केला. मान्यता मिळाल्यावर पुढच्या जनगणनेत इंडियनांचा चौकोन भरणारे वाढतील असा माझा अंदाज. तसं झालं तर ती माणसं नवी आली म्हणून नव्हे, हे तेव्हा आठवा.

तिथे गेल्यावर कुणाला 'तुम्ही कोण' असं विचारलं तर चालतं का?

'तुम्ही नेमके कुठल्या वंशाचे' असं विचारू नका, गेली दीडशे वर्षं त्यांना तेच विचारलं जातंय. तिथे अनोळखी लंबी माणसं भेटली की एकमेकांना विचारतात, 'हू'ज युअर पीपल?' मग लॉकलिअर, ऑक्सेंडाइन, चेव्हिस, हंट, डायल अशी आडनावं निघतात, कुठल्या दलदलीकाठचे, कुठल्या चर्चचे हे निघतं, आणि तीन-चार वाक्यांत नातं लागतं. गावाकडे पारावर बसलेला म्हातारा 'कुणाचा रे तू?' विचारतो तोच सूर. तुम्हालाही कुणी विचारलं तर वंश सांगत बसू नका. आडनाव सांगा, गाव सांगा, आणि कॉफी घ्या.